दोन बेल, थांबून एक

माझ्या परकराच्या नाड्यावर जगभरातली माणसं आठ महिने डोकं फोडत होती, हे मला एका शुक्रवारी जेवण झाल्यावर कळलं. तळहातावर बडीशेप होती, ती तशीच राहिली.

फोनवर किमया होती. "काकू, लिंक पाठवलीय. हा खेळ बघा. इथं सगळे टेकीला आलेत."

"कसला खेळ?"

"तेच कुणाला माहीत नाही. नाव नाही, कुणी केला ते नाही. एक दोरी आहे, ती ओढायची. खाली लिहिलंय, एकतीस मेला बंद होणार. म्हणजे बारा दिवस राहिले."

किमया पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. आम्ही नऊ जण इंटरनेटवरची कोडी सोडवायचो आणि त्यावरून मोबाइलवर मराठीत भांडायचो, त्या ग्रुपची ती मुख्य. दुसरे पेडणेकर सर, गणिताचे निवृत्त मास्तर. बाकीचे बहुतेक "वा, वा" पाठवण्यापुरते. आणि मी, बिल्ला ४१७ या नावानं.

बिल्ला खरा होता. तेरा वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते. मग मणक्यानं पुरे म्हटलं आणि घरी बसले. गावातलं नेटकॅफे बंद पडलं तेव्हा तिथला एक कॉम्प्युटर घरी आणला. शिकवायला कुणी नव्हतं, तेव्हा चुकत चुकत शिकले. माझं इंग्रजी कोड्यांतून आलेलं: दार, किल्ली, मागे जा, पुन्हा प्रयत्न करा. संसाराला एवढं पुरतं.

खेळ उघडला. सगळं पेन्सिलीनं काढल्यासारखं, काळं-पांढरं. एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना उंच भिंतींसारखं काहीतरी, त्याच्यावर उजेडाच्या पट्ट्या, पट्ट्यांतून रेघा सरकतायत. मधूनच एखादं झाड, एखादा दगड. छताला एक दोरी, आणि तिला दोन गाठी मारून जोडलेली दुसरीच एक दोरी, खाली लोंबणारी. कोपऱ्यात कागदाचा कपटा, त्यावर एक ते अकरा आकडे, काही आकड्यांवर भोकं. दोरीवर क्लिक केलं की टण्. चुकलं की पडदा काळा. आणि सगळ्यांचं कायम चुकत होतं.

लोकांनी काय काय लिहून ठेवलं होतं. हा तुरुंग आहे. ही पाणबुडी आहे. हा मठ आहे. त्या दोन गाठींवर नॉर्वेच्या एका गृहस्थांनी चाळीस पानं लिहिली होती, खलाशांच्या गाठींचा इतिहास वगैरे. पेडणेकर सरांनी टणटणांची समीकरणं करून वही भरली होती.

मी बघत बसले आणि मला हसू फुटलं. ती खोली नव्हती. गाडी होती, फक्त बाकाच्या उंचीवरून पाहिलेली. उंच भिंती म्हणजे सीटांच्या पाठी. आणि ती लोंबणारी दोरी म्हणजे माझा नाडा.

माझी उंची चार फूट दहा इंच. बेलच्या दोरीला माझा हात पुरायचा नाही. म्हणून जुन्या परकराचा नाडा मी पिशवीत ठेवायचे. ड्यूटीवर चढलं की दोरीला बांधायचा, उतरताना सोडून घ्यायचा. गाठी दोन, कारण एक सुटायची. आख्ख्या डेपोत हे ध्यान एकटी मीच.

बाकीचं सोपं होतं. आकडे म्हणजे टप्पे. तेव्हा तिकिटाच्या कडेला टप्प्यांचे आकडे छापलेले असत आणि माणूस जिथं उतरणार त्या आकड्यावर आम्ही चिमट्यानं भोक पाडायचो. तिसऱ्यावर भोक, तर तिसऱ्या टप्प्याला एक बेल, गाडी थांबते. मग दोन बेल, गाडी निघते. पण दोन केव्हा द्यायच्या, ते महत्त्वाचं. मला ज्यांनी हाताखाली घेतलं ते दळवीमास्तर म्हणायचे, "बाई, उतरणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले डोळ्यांनी बघितल्याशिवाय डबल नाही. एक पाय म्हणजे अजून आपला पॅसेंजर." खेळात प्रत्येक थांब्यावर दाराशी एक सावली उतरत होती. पहिला पाय, मग जरा थांबून दुसरा. लोक पहिल्या पायालाच अधीर होत होते.

अकराच्या अकरा टप्पे मी पहिल्या फेरीत पार केले आणि ग्रुपवर लिहिलं: ही गाडी आहे. एक बेल थांबा, दोन बेल चला. दोन्ही पाय बघा.

पेडणेकर सरांचा फोन लगेच. "अहो, मी या गाडीनं चाळीस वर्षं शाळेत गेलो. आणि मी पाणबुडीच्या बाजूनं मत दिलं होतं."

"सर, आपल्या गाडीत कोडं असेल असं कोण समजतं?"

"आणि त्या गाठी? त्यांचा अर्थ लागला?"

परकराचा नाडा हा शब्द मला गणिताच्या मास्तरांपुढे काढवेना. "बघते," म्हटलं.

दोन दिवसांत बिल्ला ४१७ जगप्रसिद्ध. किमयानं माझं म्हणणं इंग्रजीत टाकलं होतं. कुठकुठले लोक मला "मॅडम कंडक्टर" म्हणायला लागले. माझा मात्र वेगळाच तोरा चालू होता. माझ्या गाडीतल्या कुणीतरी, माझ्या कुठल्या तरी पॅसेंजरनं, माझी आठवण ठेवून हे केलंय. मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "नाडा हुबेहूब आलाय," आणि पुन्हा पेपर उघडला.

पण खेळ संपत नव्हता.

अकरावा टप्पा झाला की कपट्यावरची सगळी भोकं बुजायची आणि नवं एकच भोक उमटायचं, एकवर. गाडी पुन्हा पहिल्या थांब्यावर. रेघा तिरप्या होत. आणि मागच्या उजेडाच्या पट्टीत एक आकृती यायची, बाईची. गाडीमागे पळणारी. दोन्ही हात खाली, कमरेशी, मुठी आवळलेल्या, कोपरं बाहेर. मुठींत काय आहे तिथं नुसता पांढरा कागद, काही रंगवलेलंच नाही.

एक बेल दिली की गाडी थांबायची, मग हळूहळू मागे घसरायची. काळा पडदा. दोन दिल्या की बाई लहान लहान होत जायची. काळा पडदा. काहीच नाही दिलं तरी काळा पडदा.

"काकू, आता काय?" किमयानं विचारलं. "नऊ दिवस आहेत."

"बघते."

"तराजू आहे तो," पेडणेकर सरांचं मत. "हात बघा. समतोल."

मी त्यांना काही बोलले नाही, कारण रेघा तिरप्या झाल्या त्याच क्षणी मला ठिकाण कळलं होतं. उंबरमाळ. आमचा शेवटचा गाव, म्हणजे परतीचा पहिला थांबा, खोलगटात. दुपारची गाडी तिथून सुटली की लगेच चढ लागायचा. माझे ड्रायव्हर मुलाणीभाऊ चढावर गाडी थांबवायला फार नाराज. "एकदा दम तुटला की पुन्हा उचलत नाही, मागं येते," म्हणायचे. म्हणून आमच्या दोघांत एक बेल ठरलेली होती. कुठल्याही नियमात नव्हती. दोन, जरा थांबून एक. म्हणजे: चला, पण कुणीतरी मागून येतंय, वर खडकाच्या सपाटीवर थांबा. शाळेचे गुरुजी नेहमी उशिरा यायचे, त्यांच्यासाठी ती बेल. दूधवाल्यासाठी. पोस्टमनसाठी.

ती बेल जगात दोन माणसांना ठाऊक होती. आता तिसरंही कुणीतरी निघालं होतं.

मी माउस हातात घेतला आणि ठेवून दिला. का, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. बाई पळतेय आणि खेळ माझ्याकडे ती बेल मागतोय. याचा अर्थ खऱ्या गाडीत ती कुणी दिली नव्हती. कुणी म्हणजे मीच.

स्वयंपाक करताना, झाडांना पाणी घालताना तेच. रोज पाच वेळा खेळ उघडायचे, चढापर्यंत यायचे आणि बंद करायचे. ग्रुपवर लोक रोजचे आकडे टाकत होते, आज इतके दिवस राहिले. शेवटी मुलाणीभाऊंना फोन लावला. ते निवृत्त होऊन गावी कोंबड्या पाळत होते.

"भाऊ, उंबरमाळच्या चढाची आपली बेल आठवते?"

"दोन, मग एक. न आठवायला काय झालं. गुरुजी शेवटपर्यंत वेळेवर आले नाहीत."

"कुणासाठी दिली नाही कधी? एखादी बाई पळत आलीय आणि मी डबल देऊन मोकळी झाले, असं?"

त्यांनी विचार केला. मागे कोंबडा ओरडत होता. "बाई, दिली त्यांची नावं सांगतो. गुरुजी, गवळी, पोस्टमन, ती नर्सबाई. दिली नाही त्यांची नावं आपल्याला कशी माहीत असणार?"

सत्तावीस तारखेला किमयाचा फोन आला. "काकू, स्पष्ट विचारू? तुम्ही काहीतरी लपवताय."

"माझ्या वयाला लपवण्यासारखं काय असतं?"

"तुम्ही दिवसातून पाच वेळा लॉगिन करता आणि त्या बाईपाशी येऊन उठता. कॉम्प्युटरवाली आहे मी, मला दिसतं ते."

"तुला बरंच दिसतं."

"जगातले इतके लोक वाट बघतायत, काकू."

"त्यांचं काय अडलंय ग," मी म्हणाले. "उद्या दुसरी दोरी ओढतील." आवाज माझा मलाच कडक वाटला. बसमध्ये लागायचा तसा.

एकोणतीस मे. दुपारचे अडीच, उंबरमाळहून गाडी सुटायची तीच वेळ, हे मी मुद्दाम केलं नव्हतं. नवरा बाहेर गेला होता. मी अकरा टप्पे केले. रेघा तिरप्या झाल्या. बाई आली.

टण्, टण्. थांबले.

टण्.

गाडी चढत राहिली. बाई मागे पडली, पण गेली नाही. मग रेघा आडव्या झाल्या, गाडी थांबली. सपाटी. बाई हळूहळू मोठी होत आली आणि दारात चढली. पहिला पाय, मग दुसरा. मुठींत अजून पांढरंच. कपट्यावर एकामागून एक भोकं पडायला लागली, काही त्याच आकड्यावर पुन्हा, एकूण दहा भोकं, आणि खाली मराठीत अक्षरं: ही बेल दोघांचीच होती. बाई असाल तर फोन करा. काका असाल तरी करा.

दहा भोकं, दहा आकडे. मी ते ज्या क्रमानं पडले त्या क्रमानं लिहून घेतले आणि फोन लावला.

"हॅलो." तरुण मुलीचा आवाज.

मला दुसरं काही सुचलं नाही. "बिल्ला चारशे सतरा," म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "नाडा आहे अजून?"

"नाडा आहे. परकर गेला."

ती हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज बदलला. "मी चंद्रकला झोरे. उंबरमाळची. दोन हजार चार सालच्या जूनमध्ये तुमच्या गाडीनं वसतिगृहात गेले. नऊ वर्षांची होते. मामा होता बरोबर."

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "खोटं कशाला बोलू."

"वाटलंच होतं. आम्हा पोरांना ती बेल पाठ होती बाई, आम्ही घरी गाडी-गाडी खेळताना द्यायचो. गुरुजी आले, दोन, मग एक. त्या दिवशी आई मागून पळत आली. मी तुम्हाला म्हटलं, बाई, आई येतेय. तुम्ही म्हणालात, खाली बस. आणि डबल दिलीत."

मी माउस बाजूला सारला.

"दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर आई नव्हती. भातखाचरात पान लागलं तिला, साप चावून गेली. मला कळवलंही नव्हतं, अभ्यास बुडेल म्हणून. म्हणजे तेवढीच शेवटची बघितली."

"डेपोत येऊन मला शोधायचंस ग."

"गेले होते. नाव माहीत नाही, साल सांगितलं, म्हटलं बुटक्या बाई. हसले ते. आणि मला बोलावून आणलेल्या तुम्ही नको होतात. बोलावलं की माणूस बरं वाटेल असं बोलतं. ही बेल आठवून जी येईल, ती खरं सांगेल, असं वाटलं."

"काय खरं सांगू?"

"ती हातात काय घेऊन येत होती? मी बाकावर चढून बघितलं, तोवर मामानं खाली ओढलं. ती पळताना दिसली, पण हात नीट बघायचे राहिले. भाकरी होती, की माझी दुसरी चप्पल, की काय. तेरा वर्षं माझ्या डोक्यात तेवढंच आहे. तुम्ही दारात होतात. तुम्हाला दिसलं असेल."

मला काहीही सांगता आलं असतं. चप्पल म्हटलं असतं तर तिनं तिथं चप्पल काढली असती आणि खेळ पुरा झाला असता. कॉम्प्युटरवर ती बाई दारात उभी होती, पांढऱ्या हातांनी.

"हे चित्र तू बघितलंस तसंच काढलंयस?" मी विचारलं. "मनाचं काही घातलं नाहीस?"

"नाही. दिसलं तेवढंच."

"मग ऐक. मला ती आठवत नाही, पण गाडीमागे पळणारी माणसं मी तेरा वर्षं बघितलीत. वस्तू द्यायला येणारा माणूस वस्तू उंच धरून पळतो. डबा असो, छत्री असो. कंडक्टरला दिसावी म्हणून हात वर. तुझ्या आईचे दोन्ही हात खाली आहेत. मुठी कमरेशी. तिनं पातळाच्या निऱ्या उचलून धरल्यात, पायांत येऊ नयेत म्हणून. तशी पळते ती बाई गाडीत बसायला येत असते." मी चित्राकडे पुन्हा पाहिलं. "तिच्या हातात काही नव्हतं, चंद्रकला. ती तुझ्याबरोबर यायला निघाली होती."

पंख्याचा आवाज येत होता, तिच्याकडचा की माझ्याकडचा, कोण जाणे.

"गाडीत जागा होती?" तिनं विचारलं.

गाडी फुल्ल होती, हे वाक्य माझ्या जिभेवर तेरा वर्षं तयार असे. पण उंबरमाळहून सुटणारी गाडी कधीच भरलेली नसायची. ती भरायची खाली, चौथ्या टप्प्याला.

"होती," मी म्हणाले. "पाच-सहा बाकं तरी. माझं धरून."

"मग का नाही दिलीत?"

"गुरुजी रोजचे होते. तुझी आई रोजची नव्हती. एवढंच असणार. याहून मोठं कारण असतं तर मला आठवलं असतं."

ती रडत नव्हती. मला वाटतं, ती ते चित्र बघत होती. मग फार बारीक आवाजात म्हणाली, "तो नाडा माझ्या डोक्यावरच लोंबत होता. हात पुरत होता माझा. ओढता आला असता. मी भ्याले."

तेव्हा मला कळलं, की खेळात ओढायला दुसरं काहीच का नव्हतं.

"ओढून उपयोग नव्हता," मी लगेच म्हणाले. "पोरं ओढायचीच की खोड्या म्हणून. मुलाणीभाऊंना माझा हात कळायचा. दुसऱ्या कुणाची बेल ते घ्यायचेच नाहीत."

"खरंच?"

"इतकी वर्षं एका गाडीवर काढली आम्ही."

तिनं मोठा श्वास सोडला. फोन ठेवण्याआधी एवढंच म्हणाली, "नाडा टाकू नका."

एकतीस मेला सकाळी खेळ बंद झाला. ग्रुपवर मी लिहिलं, नाही सुटलं. किमयानं त्यावर काही लिहिलं नाही, पण रात्री तिचा मला एकटीला निरोप आला: काकू, बरं वाटतंय ना? याला आता आठ वर्षं झाली. अजूनही कुणी कुणी त्या बाईच्या हातांबद्दल लिहितं. नॉर्वेचे गृहस्थ गाठींवर ठाम आहेत.

पण त्या दिवशी, चंद्रकलाचा फोन ठेवल्यावर, मी सगळ्यात आधी मुलाणीभाऊंना फोन लावला.

"भाऊ, एक सांगा. कुणी पोरानं ती दोरी ओढली असती, एकच बेल, उंबरमाळच्या चढावर. तर थांबवली असती?"

"एक वाजल्यावर?" ते म्हणाले. "बाई, एक वाजली की पाय आपोआप ब्रेकवर जातो. कुणी ओढली ते गाडी थांबल्यावर बघायचं. चढावर चार शिव्या घातल्या असत्या, पण थांबवली असती."

"भाऊ, झोरेंच्या एका मुलीचा तुम्हाला कधी फोन येईल. तिला सांगायचं, तुम्हाला माझा हात कळायचा. दुसऱ्या कुणाची बेल तुम्ही घेत नव्हतात."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. कोंबड्यांना दाणे टाकल्याचा आवाज आला.

"कळायचाच की," मुलाणीभाऊ म्हणाले.